वेम्बलीत नातवाला बघायला आले

आमच्या घरी मुलगी बघायला माणसं आली ती एकदाच, माझ्या लेकीच्या वेळी. तेव्हा ती मागच्या दारानं निघून, पुढे ज्याच्याशी लग्न केलं त्या गोऱ्या मुलाकडे जाऊन बसली होती. आलेल्या मंडळींना पोहे मी वाढले, चहा मी दिला, आणि मुलीचं डोकं दुखतंय असं सांगून वाटेला लावलं. त्यानंतर आमच्याकडे कुणाला बघायला कुणी येईल, असं काही मला वाटलं नव्हतं. पण आले. अमेरिकेतून आले, आणि माझ्या नातवाला बघायला आले.

तो गोरा मुलगा, म्हणजे माझे जावई, स्टुलाशिवाय बल्ब बदलणारे. आम्ही माहेरची सगळी बुटकी, फळीवरचा डबा काढायला पाट घेणारी. नातवानं आमचं काही घेतलं नाही, बापाचं घेतलं आणि त्यावर आणखी भर घातली. त्याच्या शाळेच्या पँटची खालची शिवण मी दर सुट्टीत उसवून सोडायची. एका वर्षी सोडायला कापडच उरलं नाही. रात्री पलंगावर आडवातिडवा झोपायचा, कारण सरळ झोपलं की पाय बाहेर. आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून आत येताना मान आपोआप खाली जायची, आणि तरी महिन्यातून एकदा कपाळ आपटायचंच.

शाळेत तो बास्केटबॉल खेळायचा. मग आमच्याकडच्या एका क्लबात अमेरिकन फुटबॉल खेळणारी पोरं होती, त्यांच्या कोचनं त्याला बस स्टॉपवर पाहिलं. हो, बस स्टॉपवर. बाकीच्यांची डोकी शेडच्या काचेआड आणि याचं शेडच्या छपराला टेकलेलं, तेवढ्यावरून बोलावलं. तिथून पुढे अमेरिकेतल्या कॉलेजची स्कॉलरशिप मिळाली आणि पोरगा गेला.

तो खेळ मला कळायला फार वेळ लागला. नाव फुटबॉल आणि पाय लावायचा जवळजवळ कुणीच नाही. याची जागा रांगेच्या टोकाला. तिला टाइट एंड म्हणतात. कधी समोरच्या आडदांड गड्याला ढकलून आपल्या माणसाला वाट करून द्यायची, आणि कधी त्याच गड्याला चुकवून धूम पळत जाऊन लांबून आलेला बॉल झेलायचा. म्हणजे एकाच माणसानं कणीकही तिंबायची आणि रांगोळीही काढायची. रांगोळी आमच्या पोराची फार सुरेख. कणकेचं जरा अवघड होतं.

आता ते ड्राफ्टचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दर एप्रिलमध्ये तिथल्या मोठ्या, पगार देणाऱ्या टीम पाळीपाळीनं कॉलेजातली मुलं निवडतात. मुलानं टीम निवडायची नाही, टीमनं मुलगा निवडायचा. आणि त्याआधी बघतात. उंची, वजन, हात किती लांब, पंजाची वीत केवढी, किती जोरात पळतो, कसा उडी मारतो, घरचे कसे आहेत. दात तेवढे मोजत नाहीत. मी नातवाला म्हटलं, हे तर आपल्याकडचंच झालं, फक्त मुलगी सोडून मुलाला उभं केलं. तो म्हणाला, "हो आजी, आणि बरोबर आहे ना, आता मुलाची turn."

त्या वर्षी नेमका त्याच्या मांडीमागचा स्नायू दुखावला. मार्चमध्ये कॉलेजात टीमचे लोक येऊन सगळ्यांच्या परीक्षा घेतात, तेव्हा हा बाकावर बसून दुसऱ्यांना पळताना बघत होता. ईस्टरला घरी आला तो एवढा उतरलेला चेहरा घेऊन. त्याचा कोच भला माणूस. त्यानं फोनाफोनी केली आणि कळलं की एका टीमचा माणूस त्याच आठवड्यात दुसऱ्या कामासाठी लंडनला येतोय. स्काउट म्हणतात त्याला. तो म्हणाला, एक सकाळ देतो. आता या एका माणसानं बरं म्हटलं तर पोराचं नाव कुणीतरी घेणार, नाही म्हटलं तर चार वर्षांचा घाम तिथेच वाळला. पोरानं मला हे असं सांगितलं नाही, पण रोज सकाळी बर्फाची पिशवी मांडीला बांधून जिन्यावर बसायचा, त्यावरून मला दिसत होतं.

आदल्या दिवशी त्यानं मला त्याच्या खेळाची डीव्हीडी दाखवली. गर्दीतून हात वर गेला की तो याचाच. बाकीच्यांच्या बोटांना जे लागत नाही ते हा फळीवरून बरणी उतरवावी तसं घेतो. पण ढकलायची वेळ आली की गंमत व्हायची. समोरचा बुटका गडी खाली घुसायचा, आणि आमचा हा सरळ उभा राहून नारळाच्या झाडासारखा मागे कलायचा.

मी म्हटलं, तू उभा का राहतोस रे, बस ना खाली.

"तेच तर आहे आजी. माझा उंची खूप आहे ना, मला low राहायला जमत नाही. सगळे स्काउट तेच म्हणतात. वाकला तर कमरेतून वाकतो, गुडघ्यातून नाही."

हे मी ऐकलं होतं. लक्षात ठेवा, ऐकलं होतं. तरी पुढचं घडलंच.

सकाळी आमच्या मागच्या पार्कात सगळे जमलो. लेक तिच्या कामावर, तिला सुट्टी मिळाली नव्हती. मी कोट, शाल, वर मफलर. वारा असा की डॅफोडिल्स जमिनीला टेकत होती. स्काउट टेक्ससचा, पोट पुढे, डोक्यावर टोपी, एक गुडघा दुखरा. स्वतः कधीतरी खेळलेला असणार. हसरा माणूस. मला मॅम म्हणायचा. मला या देशात आयुष्यात कुणी मॅम म्हटलं नव्हतं; एअरपोर्टच्या जेवणाच्या फॅक्टरीत मी कामाला होते, तिथे तर सगळे डार्लिंग म्हणायचे.

पोराची मांडी तोवर सावरली होती. पळाला, छान पळाला. बॉल झेलले, वाऱ्यात वळणारेसुद्धा. कुत्री फिरवणारी माणसं थांबून बघायला लागली. मग ढकलायचं आलं. जावयांनी छातीशी मोठी गादीसारखी बॅग धरली आणि नातवानं त्यांना ढकलायचं. तो गेला तसाच, उभ्याच्या उभा. जावई सडपातळ, तरी जागचे फारसे हलले नाहीत. स्काउटनं गालात जीभ फिरवली फक्त.

नंतर म्हणाला, घरी येऊ का, मुलांच्या घरची माणसं बघायला मला आवडतात. मी त्याचीच तयारी ठेवली होती. पोहे मात्र मुद्दाम केले नव्हते, उगाच लेकीनं हसायला नको. भाजणीची थालीपीठं केली, वर लोणी. दारात आमचे बूट बघून त्यानं न सांगता आपले बूट काढले, तेव्हाच मला तो आवडला. एक थालीपीठ संपायच्या आत दुसरं मागितलं. जावई बॅग परत द्यायला क्लबात गेले होते. नातू वर अंघोळीला. आणि या माणसानं बोटं चाटत मला विचारलं, मॅम, तुमचा नातू मुलगा म्हणून कसा आहे, जरा सांगा ना.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडची कुठलीही बाई काय म्हणेल? शेजारीण म्हणाली की तुमचा मुलगा हुशार हो, तर आपण म्हणतो का, हो, फारच हुशार? आपण म्हणतो, कसला हुशार, नुसता धांदरट. घरच्या मुलाची घरच्यानंच तारीफ केली तर ऐकणाऱ्याला हसू येतं आणि मुलाला नजर लागते. समोरचा काय ते समजून घेतो. तोच मग म्हणतो, नाही नाही, गुणी आहे हो मुलगा. असं ते चालतं. मी आपली माझी बाजू नीट पार पाडली. म्हटलं, आळशी आहे. दुपारी बारापर्यंत झोपतो. हट्टी आहे, एक गोष्ट ऐकत नाही. भाजी खात नाही. आणि थांबले, की आता हा नाही नाही म्हणेल.

तो नाही नाही म्हणाला नाही. चावायचा थांबला आणि मान हलवून, पुढे सांगा, अशा चेहऱ्यानं बघत राहिला. मला वाटलं, माझंच काहीतरी कमी पडतंय, विनय पुरेसा झाला नाही. म्हणून आणखी एक जोडलं. म्हटलं, साधा वाकून नमस्कारसुद्धा धड करत नाही हो. कमरेतून वाकतो. गुडघे काठीसारखे ताठ.

"कमरेतून?" त्यानं विचारलं.

"नेहमीच," मी म्हटलं.

जिन्यावर पाऊल वाजलं. ओले केस, खांद्यावर टॉवेल, नातू तिथे उभा. त्यानं शेवटचं सगळं ऐकलं होतं. स्काउटनं आभार मानले, थालीपीठाचं नाव दोनदा विचारून घेतलं, आणि गेला.

पोरगा रागावला असता तर बरं झालं असतं. तो जिन्यावर बसला आणि हळूच म्हणाला, "आजी, तो टेक्ससचा आहे. त्याला तू सांगितलेलं सगळं खरं वाटलं असणार."

मी त्याला समजावलं, आपल्यात असंच बोलतात, मला तुझं कौतुक आहे हे तुला ठाऊकच आहे. त्यावर तो टॉवेलनं केस पुसत म्हणाला, "मला माहीत आहे, I think. पण तू कधी बोलली नाहीस ना."

संध्याकाळी लेक आली, तिनं माझी चांगलीच हजेरी घेतली. म्हणाली, आई, अगं तो काय वरपक्ष होता का? मी म्हटलं, वरपक्षच होता, वेगळं काय होतं त्यात. मग आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता तिचे डोळे भरले, कारण पोरगा जेवायला खाली आला नाही. जावई फार बोलणारे नव्हेत. त्यांनी माझ्यासाठी चहा केला, समोर ठेवला, आणि म्हणाले की अमेरिकेत कुणी असं विचारलं तर सांगायचं असतं, की जगात याच्यासारखा नाही. आणि समोरच्याचा विश्वास बसला असं वाटलं, की आणखी थोडं सांगायचं.

फोनवरचं इंग्रजी मला जमत नाही, समोर माणूस असला तर हातवारे करून भागतं. म्हणून सकाळी कुणाला न सांगता बस धरली आणि त्याच्या हॉटेलवर गेले. स्टेडियमच्या जवळच होतं. तेव्हा तिथे नवं स्टेडियम बांधत होते, ती मोठी पांढरी कमान नुकतीच उभी राहिली होती. तिच्याखालून जाताना मी मनात वाक्यं जुळवत होते. सारखी अडायची. कारण इंग्रजी कमी हे एक, पण मराठीतसुद्धा ही वाक्यं मी कधी केली नव्हती.

तो अंड्यांच्या ताटावर बसला होता. मला पाहून उठला, खुर्ची ओढली. मी बसले नाही. बसले असते तर इकडचं तिकडचं बोलत राहिले असते. इंग्रजीत मोडकंतोडकं जे बोलले ते असं होतं.

"काल मी सांगितलं ती आमच्याकडची रीत. घरच्या मुलाला आम्ही चांगलं म्हणत नाही. आज म्हणते. माझा नातू चांगला आहे. फार चांगला आहे. त्याचे आजोबा, म्हणजे माझे मिस्टर, आजारी होते तेव्हा हा शाळेत होता. बाथरूम वर, जिना अरुंद. घरी येणाऱ्या नर्सनं त्याला शिकवलं, पाय फाकव, गुडघ्यात बस, पाठ सरळ ठेव आणि मग उठ. रोज शाळेत जायच्या आधी तो त्यांना उचलून वर न्यायचा आणि खाली आणायचा. वर्षभर. एकदाही त्यांना भिंतीचा कोपरा लागू दिला नाही. आणि ते माझ्यासारखे लहान नव्हते, चांगले भरलेले होते."

बोलून झाल्यावर मला धाप लागली होती. तो काटा खाली ठेवून ऐकत होता.

"गुडघ्यात बसून?" त्यानं विचारलं.

"गुडघ्यात. कमरेतून वाकला असता तर दोघं जिन्यावरून खाली आले असते."

"आणि नमस्काराचं काय मग?"

"नमस्कारात उचलायचं काही नसतं," मी म्हटलं.

तो मोठ्यानं हसला, शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मग घड्याळ पाहिलं. त्याचं विमान दुपारचं होतं. म्हणाला, पोराला पार्कात यायला सांगा, मी येतो. मी हॉटेलातून घरी फोन लावला. पोरगा झोपला होता. बारापर्यंत झोपतो हे काही मी खोटं सांगितलं नव्हतं.

पुन्हा पार्क, पुन्हा तीच बॅग, जावयांनी ती क्लबातून परत मागून आणली होती. स्काउट जावयांच्या मागे पाठीला हात लावून उभा राहिला. मी नातवाला बाजूला घेतलं आणि कानात सांगितलं, बॅगेत आजोबा आहेत असं समज. 

"पण आजी, आजोबांना ढकलायचं नसतं."

"मग उचल."

पहिल्या वेळी तो तसाच गेला, उभ्याउभ्याच. दुसऱ्या वेळी जायच्या आधी तो क्षणभर थांबला. पाय फाकवले. मग खाली बसला, अगदी तसाच, पलंगाच्या कडेशी बसायचा तसा, पाठ सरळ, मान वर. आणि उठला. जावईबापू बॅगेसकट जमिनीवरून सुटले, मागच्या स्काउटला घेऊन गवतात पडले, आणि एक म्हातारा कुत्रा दोरी सोडवून भुंकत त्यांच्या अंगावर गेला. दोघं गवतात पडल्यापडल्याच हसत होते. पोराला मात्र कळेना हसावं की माफी मागावी. त्यानं बापाला हात दिला, मग त्या टेक्ससवाल्याला, आणि त्यालाही गुडघ्यात बसूनच वर काढलं.

पुढे आणखी बऱ्याच वेळा करून घेतलं. कधी जमलं, कधी पुन्हा नारळाचं झाड. शेवटी स्काउटनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, ठेवायला जरा टाचा उचलाव्या लागल्या, आणि म्हणाला, "अजून आलेलं नाही बेटा. पण तुझ्या आत आहे. मी माझ्या माणसांना एवढंच सांगणार." वचन काही दिलं नाही. मला ते बरं वाटलं. गोड बोलून मग न कळवणारी माणसं आम्ही पाहिलेली आहेत.

घरी आल्याबरोबर मी मीठमोहऱ्या आणि लाल मिरच्या घेतल्या. मुलाची एवढी तारीफ भर हॉटेलात केल्यावर दृष्ट काढायलाच हवी होती. खुर्चीत बसवून ओवाळलं, नाहीतर माझा हात पोचला नसता. मिरच्या शेगडीवरच्या तव्यात टाकल्या आणि छतावरचा स्मोक अलार्म किंचाळायला लागला. नातवानं खुर्चीतून उठून नुसता हात वर केला आणि बटण दाबलं. तो दोन दिवसांत पहिल्यांदा पोट धरून हसला. मग म्हणाला, आजी, तू त्या माणसाला काय सांगितलंस ते मला पण सांग ना, मराठीत. मी सांगितलं. सगळं सांगितलं. सांगताना बघत होते तव्याकडे, पण सांगितलं.

ड्राफ्टचा दुसरा दिवस रविवार होता. पहिल्या दिवशी मोठमोठी नावं जातात, त्यात आमचं काम नव्हतं. रविवारी दुपारी टीव्ही लावून बसलो. सूटबूट घातलेला माणूस एकेक नाव वाचायचा, मग त्या मुलाचं घर दाखवायचे, रडणारी आई, उड्या मारणारे भाऊ. टाइट एंड म्हणून कुणाचं नाव आलं की आमची सगळ्यांची पाठ सरळ व्हायची आणि मग पुन्हा वाकायची. त्यातल्या एका मुलाला नातू ओळखत होता. म्हणाला, तो चांगला आहे, ढकलतो छान. आणि उठून बाहेर धुणं वाळत घालायला गेला. लेक त्याच्या मागे जायला निघाली, जावयांनी तिला हातानं थांबवलं.

फेऱ्या पुढे चालल्या. उन्हं कलायला लागली. मी भात लावायला उठले, तर डायनिंग टेबलावर त्याचा मोबाइल थरथरत पुढे सरकत होता. मीच उचलला. पलीकडे एक भारदस्त आवाज, नातवाचं नाव घेऊन विचारत होता. मी दारातून हाक मारली. तो आला, तोंडात कपड्याचा चिमटा तसाच धरलेला. चिमटा काढून माझ्या हातात दिला आणि फोन कानाला लावला.

"येस सर," म्हणाला. मग पुन्हा, "येस सर." मग बराच वेळ ऐकत राहिला. त्याचे कान लाल झाले. "थँक यू, सर," म्हणाला, आणि फोन खाली घेऊन आमच्याकडे बघितलं.

"घेतलं मला," तो म्हणाला. "त्या स्काउटच्याच टीमनं. आता नाव सांगतील."

आम्ही सगळे टीव्हीसमोर उभे. खरंच थोड्या वेळानं त्या सूटवाल्यानं त्याचं नाव घेतलं, कॉलेजचं नाव घेतलं. पडद्यावर त्याचा फोटो. आमच्या घरी कुणी कॅमेरा घेऊन आलं नव्हतं म्हणून बरं, कारण माझ्या हाताला तांदूळ होते, लेक जमिनीवर बसून रडत होती, आणि एरवी हॅलोच्या पलीकडे न जाणारे माझे जावई मला मिठी मारून इकडून तिकडे हलवत होते. मला त्यांच्या शर्टाची बटणंच दिसत होती, बाकी काही नाही. नातू तसाच मधे उभा, सगळ्यांच्या डोक्यावरून हसत. मग आईला उठवायला बसला तिच्यापाशी, आणि उठवायचं सोडून तिच्याबरोबर तोही रडायला लागला.

आरडाओरडा ऐकून शेजारची गुजराती बाई कुंपणापाशी आली. घाबरली होती बिचारी. मी मागच्या दारात गेले, अर्धं धुणं अजून बादलीतच होतं. काय झालं, तिनं विचारलं. मी म्हटलं, नातवाला घेतलं. कुणी घेतलं, कशात घेतलं, कुठे जाणार, हे सांगायला मला श्वास पुरला नाही, आणि तिनंही विचारलं नाही. ती तशीच वळून आत गेली आणि साखरेचा डबा घेऊन आली.